ऊब

रेवा येऊल गेली बारा वर्षं अकरा वर्षांचीच होती.

जव्हारच्या पठाराखालचा काळा कातळ कोरून बांधलेल्या त्या निद्रागारात कोणाचंच वय वाढत नसे. चारशेच्या वर माणसं तिथे काचेच्या पेट्यांत निजली होती. ज्या रोगावर आज औषध नाही, तो झालेल्या माणसाला औषध निघेपर्यंत थिजवून ठेवायचं, इतकी साधी ती कल्पना. शरीर गोठणबिंदूच्या अगदी जवळ आणलं आणि रक्तात बर्फाचे खडे होऊ न देणारं द्रव्य मिसळलं, की पेशींचा कारभार जवळजवळ बंद पडतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो, आणि रोगही जिथे पोचला असेल तिथेच अडकून पडतो. याला शीतनिद्रा म्हणत. लोकांनी पहिल्या वर्षी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली आणि दुसऱ्या वर्षी दाराशी रांगा लावल्या. माणसाचं हे असंच असतं.

निद्रागाराचा एक रिवाज होता. नियमावलीत तो कुठेच नव्हता, पण तिथली माणसं तो पाळत. निद्रिस्ताच्या रक्ताचा नमुना अधूनमधून घ्यावा लागे, आणि थिजलेल्या हातातून रक्त येत नाही. म्हणून पेटीचं बाजूचं दार उघडून फक्त एक हात कोपरापर्यंत उबवत. अर्धा तास तो हात जिवंत माणसाच्या हातासारखा मऊ आणि कोमट होई. मग कोणीतरी सहृदय माणसाने ठरवलं, की नमुना घ्यायचाच आहे तर तो वाढदिवसालाच घ्यावा आणि घरच्यांना बोलवावं. तेवढा वेळ त्यांना हात धरून बसता येईल. तेव्हापासून ‘आज कोणाची ऊब आहे?’ हा प्रश्न निद्रागारात सकाळच्या चहाबरोबर विचारला जाई. कोणी त्या हाताला खोबरेल चोळे, कोणी बांगडी चढवून पुन्हा काढून नेई, कोणी नुसतंच रडे. रेवाच्या आईने एकदा तिची नखं कापायला नेलकटर आणलं होतं. नखं वाढलीच नाहीत हे बघून ती हसली होती आणि नेलकटर तसंच परत घेऊन गेली होती.

आज मात्र रेवाची ऊब नव्हती. आज रेवा उठणार होती.

तिला झाला होता तो स्नायू वितळवणारा आजार. पोर चालताना पडू लागली, मग उठेनाशी झाली, आणि श्वासाचे स्नायू जायच्या बेताला आले तेव्हा आईने तिला इथे आणून निजवलं. त्या आजारावरचं औषध आता निघालं होतं. तीन मुलं त्याने चालायला लागली होती. सकाळी रेवाच्या पेटीत उष्मा सोडायला सुरुवात झाली होती, आणि बाहेर बाकावर तिच्या आई, प्रणिताताई येऊल, दोन नवे फ्रॉक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मापाची चिंता नव्हती. ते बदललंच नव्हतं.

आत प्रयोगशाळेत डॉ. मुग्धा हळबे सूक्ष्मदर्शकावर वाकली होती.

शरीर जरा सैल पडलं की जागं करण्याआधी मेंदूतल्या पेशींचा कणभर नमुना सुईने काढायचा, हा नियम होता. काचपट्टीवर पसरून जांभळा रंग दिलेल्या रेवाच्या त्या पेशी मुग्धाच्या डोळ्यांपुढे होत्या. त्यांत पांढरे, गोल, स्वच्छ ठिपके दिसत होते. कागदाला कसर लागावी तसे.

त्या ठिपक्यांना रिक्तिका म्हणतात. रिक्तिका म्हणजे पेशीच्या आतली पातळ पडद्याची पिशवी. झाडांच्या पेशीत ती चांगली ऐसपैस असते, त्यात पाणी भरलं की पान ताठ उभं राहतं. माणसाच्या पेशीत मात्र ती असलीच तर बारीक आणि थोडी असते. पेशीला नको असलेला कचरा तीत भरला जातो, तिथेच विरघळतो आणि पिशवीही नाहीशी होते. पिशव्या वाढू लागल्या, फुगू लागल्या, की डॉक्टर सावध होतात. यकृतात दिसल्या तर एक आजार, स्नायूत दिसल्या तर दुसरा, रक्ताच्या पांढऱ्या पेशींत दिसल्या तर तिसराच. आणि मेंदूत दिसल्या तर डॉक्टर खुर्ची ओढून खाली बसतात.

निद्रागाराने हे भोगलं होतं. काही वर्षांमागे जागे केलेल्या निद्रिस्तांपैकी सात जणांनी डोळे उघडले, पण त्या डोळ्यांमागे कोणी नव्हतं. बायको समोर उभी असताना एक गृहस्थ तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसे बघत राहिले. त्यांच्या मेंदूची रिक्तिकांनी जाळी करून टाकली होती. कोणीतरी त्याला जाळीरोग म्हटलं आणि ते नाव चिकटलं. निजलेल्यांना होणारा, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाणारा कसलातरी संसर्ग, असा सगळ्यांचा समज झाला. मग डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू झाला. रक्ताच्या पेशींत एखादी जरी रिक्तिका दिसली, की त्या निद्रिस्ताची तपासणी वर्षाऐवजी दर महिन्याला.

रेवाच्या रक्तात पहिली रिक्तिका मुग्धानेच पाहिली होती, तीन वर्षांपूर्वी. दर महिन्याच्या तपासणीच्या आदेशावर सही तिचीच होती. आणि तिनेच प्रणिताताईंना फोन करून सांगितलं होतं, ‘नमुना घ्यावाच लागणार आहे, तर तुम्ही येत चला. हात धरायला मिळेल.’ बाईंचा अंजनगावला विड्याच्या पानांचा मळा. तिथून त्या दर महिन्याला गाड्या बदलत येत, अर्धा तास लेकीचा हात हातात घेत आणि परत जात. मुग्धाला वाटे, आपण त्या बाईचं थोडं भलं करतोय.

“काय म्हणतंय?” निद्रागाराचे प्रमुख डॉ. इनामदार दारात उभे होते.

“पुष्कळ आहेत,” मुग्धा म्हणाली. “मर्यादेच्या आत आहेत, पण काठावर.”

“आत आहेत ना? मग पुढे जाऊ.”

“सर, वाढताहेत की थांबल्यात ते मला माहीत नाही. वाढत असतील तर पूर्ण उबेपर्यंत मर्यादा ओलांडतील. आपण जाळी जागी करू.”

इनामदार माणूस वाईट नव्हता, पण बाहेर पत्रकार बसले होते आणि मंत्रालयातून सकाळपासून दोनदा विचारणा झाली होती. “मुग्धा, उंबरठा चार वाजता आहे,” ते म्हणाले. “तोवर काय ते ठरव.”

उंबरठा म्हणजे तीस अंश. शरीर तितकं उबलं की हृदय चालू करावंच लागतं. त्याच्या आत असेपर्यंत माणसाला पुन्हा थंड करून निजवता येतं. पलीकडे गेलं की माघार नाही.

मुग्धाने विचार केला, संसर्ग असेल तर तो शेजारच्याला लागलेला असणार. त्याच्यात किती पसरला ते कळलं, तर रोगाचा वेग कळेल. रेवाच्या डाव्या हाताला अंतोन लोपीस निजले होते. वसईचे, साठीचे, मूत्रपिंडाच्या आजाराचे. पहिली चार वर्षं त्यांचा पुतण्या नेमाने येत असे. मग तो परदेशी गेला तो गेलाच. नातेवाइकाची सही असल्याशिवाय नमुना घेता येत नाही, म्हणून गेली आठ वर्षं लोपीसना कोणी सुई लावलेली नव्हती. त्यांच्या पेटीवर धूळ असे. सफाईवाल्यालासुद्धा तिकडे जायचं कारण पडत नसे.

आज मुग्धाने कोणाची सही घेतली नाही. तिने लोपीसांचा हात उबवला, रक्त काढलं, काचपट्टी रंगवली आणि भिंगाखाली धरली.

एक पेशी, दुसरी, दहावी, पन्नासावी. सगळ्या स्वच्छ. जाळीरोगाच्या पेशंटच्या पेटीला पेटी लावून बारा वर्षं निजलेल्या माणसाच्या रक्तात एक रिक्तिका सापडेना. तिने पट्टी पुसून पुन्हा पाहिली. मग कपाटातून त्यांच्या जुन्या पट्ट्या काढल्या, पुतण्या येत होता त्या वर्षांतल्या. जुन्या पट्ट्यांत रिक्तिका होत्या. फार नव्हत्या, तेव्हा पहारा नसल्याने कोणी त्या लक्षात घेतल्या नव्हत्या, पण दरवर्षी थोड्या वाढत गेलेल्या होत्या. आता त्या नव्हत्या.

म्हणजे लोपीसना रोग झाला होता आणि तो बरा झाला होता. थंडीत, औषधाशिवाय, कोणी ढुंकूनही बघत नसताना.

रेवाला आपण असं काय केलं जे यांना केलं नाही, हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला, आणि उत्तर अगदी जवळ होतं. लोपीसांचा हात अजून तिच्यासमोर पेटीच्या दारात होता, मऊ आणि कोमट.

आजवर हे कोणाला दिसलं कसं नाही, असं वाचकांना वाटेल. त्याचं कारण अगदी साधं होतं. ज्यांना तपासलं त्यांच्यातच रोग सापडत होता. ज्यांना तपासलंच नाही, ते हिशेबातच नव्हते.

इनामदारांच्या खोलीत ती धापा टाकत पोचली.

“सर, उष्मा थांबवा. संसर्ग नाहीये तो. आपण करतोय.”

“काय करतोय?”

“ऊब. हात उबला की हातातल्या पेशींना वाटतं, जागं व्हायची वेळ झाली. त्या रक्तात तसा रासायनिक निरोप सोडतात. तो निरोप हातापुरता राहत नाही, झिरपत झिरपत मेंदूपर्यंत जातो. मेंदूतल्या पेशीही कामाला लागतात. आणि जागी होणारी पेशी पहिलं काम काय करते? साफसफाई. साठलेला कचरा पिशव्यांत भरते. तेवढ्यात आपण हात पुन्हा थंड करतो. पिशव्या भरलेल्या तशाच राहतात. पुढच्या महिन्यात पुन्हा हाक, पुन्हा नव्या पिशव्या.”

इनामदार हळूच म्हणाले, “आणि रिक्तिका दिसल्या म्हणून आपण तपासण्या वाढवल्या.”

“तपासण्या वाढवल्या म्हणून रिक्तिका वाढल्या. त्या वाढल्या म्हणून आपण आणखी वाढवल्या.”

“ते सात जण?”

“सातही घरं इथे पडीक असायची, सर. आठवा. त्या गृहस्थांची बायको तर पायथ्याच्या गावात खोली घेऊन राहिली होती.”

इनामदारांनी चष्मा काढला आणि तो हातात तसाच धरून ठेवला. आपल्या माणसांनी चांगुलपणाने चालवलेला रिवाज, त्यांनी स्वतः वर्तमानपत्रांना कौतुकाने सांगितलेला. “थांबवता येईल आता?” त्यांनी विचारलं.

“उंबरठ्याच्या आत आहे. पण ठरवायचं तिच्या आईने. आणि त्यांना खरं कारण सांगितल्याशिवाय ठरवता येणार नाही.”

“संसर्ग म्हणून सांग,” इनामदार म्हणाले. त्यांच्या आवाजात आर्जव होतं. “संसर्ग आहे, पुन्हा निजवतोय, भेटी बंद. तिलाही तेच सोपं जाईल. आयुष्यभर कशाला…”

खोटं बोलण्याचा मोह मुग्धाला झाला नाही असं नाही. बाकापर्यंतच्या वाटेत तिने ते खोटं दोनदा मनात घोळवून पाहिलं, आणि ते छान जमतही होतं. पण प्रणिताताईंनी तिला येताना पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. फ्रॉक मांडीवरून खाली पडले.

“काय झालं? उठत नाई काय माही पोरगी?”

“बसा, प्रणिताताई.”

“बसत नाई मी. तुम्ही बोला.”

मुग्धाने सांगितलं. उभ्या उभ्या, पिशव्या, निरोप, साफसफाई, सगळं. बाईच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मुग्धा म्हणाली, “असं समजा, पाहुणे आले म्हणून निरोप आला. तुम्ही घर झाडायला घेतलं, केर खोलीच्या मधोमध गोळा केला, आणि सुपलीत भरायच्या आत दिवे गेले. पाहुणेही आले नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा निरोप, पुन्हा केराचा ढीग. असं छत्तीस वेळा झालं. आता तिच्या डोक्यात पाय ठेवायला जागा नाही.”

हे प्रणिताताईंना लगेच कळलं.

“करंडीतलं पान,” त्या म्हणाल्या. “ओल्या फडक्यात दाबून ठेवलं तर महिना टिकते. घडीघडी उघडून पाह्यलं, की सडते. हे तर मले शिकवायले नको होतं.” मग एकदम त्यांचा आवाज चढला. “पन मले बोलावलं कोनं? तुम्हीच न? दर महिन्याले फोन कोन करे? ‘या, हात धरा!’ मी आपली येडी, काम टाकून येवो. तेल लावो तिच्या हाताले. अन् तिकडं तिच्या डोक्यात छेद पडत होते!”

“हो,” मुग्धा म्हणाली. “मीच बोलावलं.”

“तुमाले मालूम नव्हतं?”

“नव्हतं.”

“मालूम असाले पायजे होतं. डॉक्टर हाय न तुम्ही.”

बाकाच्या कडेला हात टेकून प्रणिताताई शेवटी बसल्या.

“अन् तो बाजूचा?” त्यांनी विचारलं. “तो म्हातारा. ज्याचं कोनी येत नाई.”

“त्यांचं रक्त स्वच्छ आहे.”

“वा रे देवा,” प्रणिताताई म्हणाल्या. “दरसाली मी त्याच्याकडं पाहून म्हनो, बिचारा. बिचारा तो नव्हताच.”

घड्याळ तीनच्या पुढे गेलं होतं. मुग्धाने घाई करायची नाही असं ठरवलं होतं, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. पेटीतली उष्णता चढतच होती.

“ताई, दोन वाटा आहेत. एक, आत्ता उठवायचं. औषध आहे, तिचे स्नायू सुधारतील, ती चालेल. पण डोक्यातल्या रिक्तिका उठल्यावर आणखी फुगतील. ती तुम्हाला ओळखेल असं मी सांगू शकत नाही. कदाचित बोलायलाही पहिल्यापासून शिकावं लागेल. कदाचित शिकताच येणार नाही.”

“अन् दुसरी?”

“आत्ता पुन्हा थंड करायचं. थंडीतसुद्धा पेशीचं काम पार थांबत नाही, गोगलगायीच्या चालीने चालूच असतं. कोणी हाक मारली नाही तर त्या पिशव्या आपल्या आपण विरतात. लोपीसांच्या थोड्या होत्या, त्यांना आठ वर्षं पुरली. रेवाला पंचवीस लागतील, तीस लागतील. तोवर तिला कोणीही उबवायचं नाही. एकदाही नाही.”

“पंचवीस-तीस,” प्रणिताताई म्हणाल्या. त्या बावन्नच्या होत्या, आणि त्यांच्या वडलांचं आणि दोन्ही भावांचं हृदय साठीच्या आत बंद पडलेलं होतं. हे त्यांनीच मुग्धाला एकदा सांगितलं होतं. दोघींनाही ते आत्ता आठवलं.

“तिले काय वाटन, उठल्यावर?” बाईंनी विचारलं. “आई कुठं हाये म्हनन न?”

“म्हणेल. नक्की म्हणेल.” मुग्धा म्हणाली. “तीस वर्षांनी उठली तर ती आई कुठे म्हणून विचारेल. आत्ता उठली तर तुम्ही समोर असाल, आणि ती विचारणार नाही.”

प्रणिताताईंनी खाली पडलेले फ्रॉक उचलले, झटकले, नीट घडी घातली. घडी घालायला त्यांना खूप वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “चला, दाखवा मले.”

रेवाच्या पेटीचं बाजूचं दार उघडं होतं. आत सगळंच उबत होतं. पोरीच्या गालांवर बारा वर्षांत पहिल्यांदा किंचित लाली आली होती, आणि डावा हात दाराशीच आलेला होता. बोटं अर्धवट मिटलेली. झोपेतल्या मुलांची असतात तशी. प्रणिताताई त्याच्यासमोर वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या.

“गरम असन न आता?”

“हो.”

“आता गरम हायेच, तर धरला तर काय होते?”

मुग्धाने खरं तेच सांगितलं. “दार लगेच बंद करून थंडावा सोडायला हवा. जितका वेळ उघडं राहील तितका निरोप वाढत जाईल. अर्ध्या मिनिटाने किती नुकसान होईल मला माहीत नाही. फार होणार नाही कदाचित. तुम्ही धरलात तर मी अडवणार नाही.”

यंत्रावरचा आकडा अठ्ठावीसच्या पुढे सरकला. इनामदार भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी मान फिरवली. प्रणिताताईंचा उजवा हात वर आला, पोरीच्या बोटांपाशी गेला, आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला. दोन्ही हात पाठीशी नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले, लहान मुलांना हात लावू नको म्हटल्यावर ती घेतात तसे.

“बंद करा,” त्या म्हणाल्या. “लवकर करा न, बाई! काय पाहून राह्यल्या?”

मुग्धाने दार लावलं. थंडावा सुटल्याचा आवाज आला आणि काच आतून धूसर झाली. ती पुरती पांढरी होईस्तोवर प्रणिताताई तशाच उभ्या होत्या. मग त्या वळल्या आणि चालू लागल्या. मुग्धा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढे जे झालं ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांना ठाऊक आहे. निद्रागाराने चूक जाहीर केली. इनामदारांनी राजीनामा दिला. ऊब बंद झाली, देशभरातल्या सगळ्या निद्रागारांत. नातेवाइकांनी ते कसं घेतलं हे मात्र वर्तमानपत्रांत नीट आलं नाही. काही जण भांडले. एका वडलांनी ‘माझ्या मुलाचा हात धरणं हा माझा हक्क आहे’ म्हणून कोर्टात धाव घेतली, आणि निकाल लागायच्या दिवशी स्वतःच अर्ज मागे घेतला. काही जणांना, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. वर्षानुवर्षं न आल्याची टोचणी त्यांना होती, ती गेली. आपण आलो नाही हेच बरं केलं असं ते आता चारचौघांत सांगू लागले, आणि त्यांना खोटं ठरवायला विज्ञानाकडे काही नव्हतं. ज्यांनी जीव लावला होता त्यांची माणसं जाळी झाली होती. ज्यांना सगळे विसरले होते ती ताजीतवानी होती. हे वाक्य कोणी उघड बोलत नसे, पण निद्रागाराच्या मोकळ्या पडलेल्या बाकांवर ते बसलेलं असे.

मुग्धाने नोकरी सोडली नाही. तिच्या कामाचा मात्र कणाच मोडला होता. रेवाच्या रिक्तिका विरताहेत का, हे तिला कळायला हवं होतं. ते कळायला नमुना हवा, नमुन्याला ऊब हवी, आणि ऊब दिली की रिक्तिका वाढणार. बघितलं तर बिघडणार होतं, आणि बघितल्याशिवाय काही कळणार नव्हतं. तिचा सिद्धांत बरोबर आहे की साफ चूक, हे तपासायचा एकच मार्ग होता, आणि तोच तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता. लोपीस हा एकटा पुरावा. एका माणसावरून इतकं मोठं अनुमान काढू नये, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलेली.

आणि मोह सुटत नव्हता. एकदा भर दुपारी ती रेवाच्या पेटीपाशी गेली होती आणि बाजूच्या दाराच्या खटक्यावर बोट ठेवून उभी राहिली होती. फक्त एकदा, फक्त पाच थेंब, म्हणजे मग खात्री होईल, आईलाही काहीतरी सांगता येईल. बोट खटक्यावर किती वेळ होतं ते तिला आठवत नाही. मग ती धावत वर उजेडात आली आणि पायऱ्यांवर बसून रडली.

प्रणिताताईंचा फोन सात महिने आला नाही. आठव्या महिन्यात आला. मागे पाण्याचा पंप चालल्याचा आवाज येत होता, बहुधा त्या मळ्यातच होत्या. ना नमस्कार, ना इकडचं तिकडचं.

“डॉक्टरबाई, एकच इचारतो. पोरीले पाह्यलं तर नाई न तुम्ही?”

“नाही,” मुग्धा म्हणाली.

“हात नाई लावला?”

“नाही, ताई. कोणीच नाही.”

पलीकडे पंप चालू राहिला. बाईंचा सुटलेला श्वास मुग्धाला स्पष्ट ऐकू आला.

“मंग चांगली असन,” प्रणिताताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.